गिरणगावाच्या इतिहासाची साइट लोकांना वापरता येते का, हे नेमकं कसं तपासायचं?

तिसरी पाळी (प्रश्न; खाली ‘रेघोटी’, ‘अनुस्वार’, ‘मोठा टाइप’, ‘पाटी-पेन्सिल’ या टोपणनावांनी आलेली उत्तरं)

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यातल्या गिरण्या, चाळी, मंडळं आणि माणसं यांच्या इतिहासाची एक मराठी साइट आहे. वर्डप्रेस या तयार साइट-प्रणालीवर चालते, सगळं काम हौसेचं. दीडेक हजार फोटो, साठेक ध्वनिमुद्रित मुलाखती, एकेका गिरणीचं पान, नकाशा, कालरेषा आणि ‘तुमची आठवण पाठवा’ हा फॉर्म. मेनू असा: मुखपृष्ठ, वारसा, दस्तऐवज, संग्रह, आठवणी, कालरेषा, संपर्क.

वापरणारे कोण? सत्तरीपुढचे निवृत्त गिरणी कामगार. डोंबिवली, विरार, बदलापूरकडे राहायला गेलेली त्यांची मुलं-नातवंडं. गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते. अधूनमधून पीएचडीवाले. जवळजवळ सगळे मोबाइलवर.

अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘खूप छान उपक्रम’, ‘जुन्या आठवणी जाग्या झाल्या’ यापलीकडे काही येत नाही. आकडेवारी मात्र सांगते की बहुतेक जण एक पान उघडतात आणि मिनिटाच्या आत निघून जातात. आठवणी, फोटो तर जवळजवळ येतच नाहीत.

पैसे नाहीत. दोन-तीन स्वयंसेवक आणि चार-पाच रविवार आहेत. किती लोकांना बसवायचं, त्यांना काय करायला सांगायचं, काय मोजायचं? वापरायला किती सोपं वाटलं हे विचारणारी एसयूएस नावाची दहा प्रश्नांची चाचणी वापरावी का? आणि सर्च नीट चालत नाही असं वाटतं, पण ते सिद्ध कसं करायचं?

रेघोटी

‘खूप छान उपक्रम’ हा शेरा साइटला नसतो, विषयाला असतो. गिरणगाव म्हटल्यावर कोण वाईट बोलेल? तेव्हा मत विचारणं थांबवा आणि काम द्या. काम झालं की नाही आणि कुठे अडलं, एवढंच बघायचं.

आकड्याचं आधी. ‘पाच माणसं पुरतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे नील्सन आणि लँडॉवर या संगणक-वापराच्या संशोधकांचं साधं गणित आहे. एखादी अडचण एका माणसाला लागण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता ८४ टक्के होते. पण अडचण दहातल्या एकालाच लागणारी असेल, तर त्याच पाच जणांत ती दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के उरते. आणि हे सगळं एकसारख्या लोकांच्या गटाला लागू. पंचाहत्तरीचे साचेवाले कामगार आणि त्यांची पंचविशीतली नात हा एक गट नव्हे. म्हणून पाच ज्येष्ठ आणि पाच मधल्या-तरुण पिढीतले घ्या. संशोधकांना या फेरीत वगळा, ते कशीही साइट असली तरी वाट काढतात. दहा जणांना एकदम बसवू नका. पहिल्या दोन रविवारी पाच-सहा, मग ठळक चुका दुरुस्त, मग उरलेले. दुरुस्ती न करता दहाही जणांना तोच दगड लागताना बघण्यात काही अर्थ नाही.

कामं कशी लिहायची, इथेच बहुतेक चाचण्या फसतात. ‘दस्तऐवज विभागात जाऊन गिरणीचं ओळखपत्र शोधा’ असं लिहिलंत की माणूस मेनूत ‘दस्तऐवज’ शब्द शोधतो आणि दाबतो. तुम्ही त्याचं वाचन तपासलंत, साइट नाही. मेनूतला एकही शब्द कामात येता कामा नये. माझ्या मते ही सहा कामं पुरेत:

१. तुमच्या घरातलं माणूस ज्या गिरणीत होतं, त्या गिरणीबद्दल इथे काही आहे का, बघा.
२. डिलाईल रोडवरच्या चाळींचे जुने फोटो बघायचे आहेत.
३. १९८२ साली संप सुरू झाला त्या दिवसांबद्दल कुणी बोललंय का? ते बोलणं ऐका. (मुलाखत उघडली म्हणजे काम झालं नाही. तो भाग कानावर पडला पाहिजे.)
४. या फोटोखाली चुकीच्या चाळीचं नाव आहे असं समजा. चालकांना कळवा.
५. तुमच्या मोबाइलमधला एक जुना फोटो साइटला द्या.
६. हे पान तुमच्या भावाला व्हॉट्सॲपवर पाठवा.

प्रत्येक कामाला ‘झालं’ म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवा. समोरचं माणूस धडपडताना पाहिलं की आपण उदार होतो आणि अर्धवट जमलेलंही ‘झालं’ धरतो. १, अर्धा आणि शून्य असे तीनच गुण ठेवा. अर्धा म्हणजे एकदा सुचवावं लागलं.

बसायची पद्धत: माणसाचा स्वतःचा फोन, त्याचीच अक्षरं मोठी केलेली सेटिंग, वायफाय बंद. ज्येष्ठांसाठी चाळीस मिनिटांच्या वर नको, आणि चहा शेवटी. एक जण बोलणारा, एक जण टिपणारा, तिसरं कुणी खोलीत नको. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग असतंच, पण बोट कुठे पडलं ते त्यात आपोआप दिसत नाही. त्यासाठी अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खालचा बिल्ड नंबर सात वेळा दाबा, डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात ‘शो टॅप्स’ चालू करा. परवानगी विचारून, आणि उठताना ते परत बंद करून द्या. रेकॉर्डिंगमध्ये वरून येणारे व्हॉट्सॲपचे निरोपही उमटतात, म्हणून आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा.

सुरुवातीला एक वाक्य म्हणायचंच: ‘परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. अडलं तर चूक आमची.’ आणि मोठ्याने विचार करत वापरायला सांगा. ‘आता कुठे दाबू?’ असं विचारलं की उत्तर देऊ नका. ‘मी इथे नसतो तर काय केलं असतंत?’ एवढंच म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता आपल्याला जड जाते, पण सगळी माहिती तिच्यातच असते.

एक धोका खास आपल्याकडचा. आजोबांना बसवलं की नातू शेजारी येऊन बसतो आणि तिसऱ्या मिनिटाला फोन त्याच्या हातात जातो. जोडीने बसवायला हरकत नाही, उलट दोघांच्या बोलण्यातून खूप कळतं. पण फोन ज्येष्ठांच्याच हातात राहील, नातवाने फक्त तोंडाने सांगायचं, हे आधी ठरवून घ्या.

मेनूबद्दल चाचणीआधीच सांगून टाकतो. वारसा, दस्तऐवज, संग्रह, आठवणी या चार शब्दांतला फरक बनवणाऱ्यालाच माहीत असतो. पगाराची चिठ्ठी यातल्या कशात? युनियनचं पत्रक? भजनी मंडळाचा फोटो? अशा तीस-चाळीस वस्तूंची नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि पंधराएक जणांना, एकेकाला, ‘तुम्हाला पटेल तसे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला नाव द्या’ म्हणा. गिरणी, चाळ, माणूस, सण असे गठ्ठे पडायला लागले तर मेनू तसाच करायचा. लोक वस्तू कुठल्या प्रकारची आहे यावरून शोधत नाहीत, ती कुणाची आहे यावरून शोधतात.

अनुस्वार

रेघोटींच्या दुसऱ्या कामात मुद्दाम ‘डिलाईल रोड’ घातलाय हे बरं केलं. साइटवर तो बहुधा ‘ना. म. जोशी मार्ग’ म्हणून नोंदला असेल आणि सर्च कोरं पान दाखवेल. सर्चची चाचणी माणसं न बसवताही होते, म्हणून ती पहिल्याच रविवारी उरकून टाका.

चाळीस शब्दांची यादी करा. प्रत्येकापुढे ‘कुठली नोंद यायलाच हवी’ ते लिहा. मग एकेक शब्द टाकून बघा: पहिल्या पाचांत आली, खाली कुठेतरी आली, की आलीच नाही. यादीत या जाती असल्याच पाहिजेत.

जुनं-नवं आणि सरकारी-बोलीतलं नाव. डिलाईल रोड आणि ना. म. जोशी मार्ग. एल्फिन्स्टन रोड आणि प्रभादेवी (स्टेशनचं नाव २०१८च्या जुलैत बदललं, लोकांच्या तोंडचं अजून नाही). राणीचा बाग आणि जिजामाता उद्यान. इंदू मिल आणि इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. यातलं कुठलंही टाकलं तरी तेच पान यायला हवं.

लेखनभेद. परळ-परेल, शिवडी-शिवरी, चिंचपोकळी-चिंचपोकली, डिलाईल-डिलाइल. शिवाय जुन्या पत्रकांमधले अनुस्वार: शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलण्याआधीच्या कागदांत ‘गांव’, ‘नांव’, ‘कामगारांनीं’ असं असतं. उतरवून घेणाऱ्याने मूळ बरहुकूम टंकलं असेल (आणि ते योग्यच आहे), तर ‘गाव’ शोधणाऱ्याला तो कागद दिसणार नाही.

विभक्ती आणि अनेकवचन. वर्डप्रेसचा मूळचा सर्च अक्षरांची ओळ जशीच्या तशी जुळवतो. ‘चाळ’ टाकलं तर ‘चाळीतले’ सापडतं, कारण सुरुवात तीच. पण ‘गिरणी’ टाकलं तर ‘गिरण्यांमध्ये’ सापडत नाही. ‘भोंगा’ला ‘भोंग्याचा’ मिळत नाही, ‘साचा’ला ‘साच्यावर’ मिळत नाही. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतंच, त्यामुळे हा अपवाद नाही, हे रोजचंच आहे. इलॅस्टिकसर्चसारख्या मोठ्या शोध-यंत्रणेतही हे शेपूट ओळखायची हिंदीची तयार सोय आहे, मराठीची नाही.

आकडे. कीबोर्डवरून कुणी देवनागरीत १९८२ टाकतं, कुणी इंग्रजी आकड्यांत. दोन्हींना एकच निकाल यायला हवा.

डोळ्यांना न दिसणारे फरक. ‘गिरण्या बंद पडल्या आणि वाऱ्यावर सोडलं’ या वाक्यातला ‘ऱ्या’ बघा. तो दोन प्रकारे टंकला जातो: वेगळा ऱ (संगणकातल्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, म्हणजे युनिकोडमध्ये, यू+०९३१) वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, सर्चला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, ‘र अधिक नुक्ता (खालचं टिंब)’ला ऱ करून देतं, पण या अदृश्य चिन्हाला हात लावत नाही. ‘ॲ’चंही तेच. एकसंध ॲ आणि ‘अ’वर चंद्र काढलेला ‘अॅ’ यांना युनिकोड एक मानत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकाच रूपात बदलून घेणं हाच उपाय.

रोमन लिपी. तरुण मंडळी इंग्रजी अक्षरांत ‘गिरणी’ दोन-तीन स्पेलिंगांनी टाकतात. सगळी पकडणं अशक्य, पण गिरण्यांची, चाळींची आणि रस्त्यांची नावं तरी पकडावीत.

दुरुस्ती कशी? सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे प्रत्येक गिरणी, चाळ, रस्त्याच्या नोंदीत ‘पर्यायी नावं’ हा एक रकाना. त्यात सगळी रूपं स्वल्पविराम देऊन टाका, रोमनही. पण लक्षात ठेवा, वर्डप्रेसचा मूळचा सर्च शीर्षक, उतारा आणि मजकूर एवढंच बघतो. वेगळ्या रकान्यात, म्हणजे कस्टम फील्डमध्ये लिहिलेलं त्याला दिसतच नाही. हौशी साइटींवर गावाचं नाव, साल, देणाऱ्याचं नाव नेमकं याच रकान्यांत असतं! रेलेव्हान्सी नावाचं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायची पुरवणी) हे रकानेही धुंडाळतं आणि फुकटच्या आवृत्तीतही कोणी काय शोधलं याची नोंद ठेवतं. ते बसवा आणि दोन आठवड्यांनी ‘शून्य निकाल’ मिळालेले शब्द काढा. ती यादी दहा मुलाखतींच्या तोडीची असते. गूगल सर्च कन्सोलमध्ये लोक बाहेरून कुठले शब्द टाकून येतात तेही दिसतं, ते जोडीला घ्या.

आणि ‘काहीही सापडले नाही’ हे पान बदला. ‘दुसऱ्या नावाने शोधून पाहा’ म्हणून खाली गिरण्यांची आणि रस्त्यांची पूर्ण यादी द्या. टंकायला कंटाळणारे ज्येष्ठ यादीवर बोट ठेवून लगेच जातात.

मोठा टाइप

वरच्या दोघांनी मुख्य ते सांगितलं. मी पडद्याबद्दल आणि आवाजाबद्दल लिहितो, कारण ‘एक पान उघडून मिनिटात जातात’ याचं निम्मं कारण तिथे असण्याची शक्यता आहे.

पहिली गोष्ट: मुखपृष्ठावरून कोणी येत नाही. लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून थेट आतल्या एका फोटोवर येतात. म्हणून चाचणीतली निम्मी कामं तिथूनच सुरू करा. त्या पानाकडे अनोळखी नजरेने बघा. फोटोखाली लिहिलंय ‘क्र. ०४१७, चाळ, बाह्य दृश्य’. कुठली चाळ? कुठला रस्ता? साधारण कधीचं? आजूबाजूचे फोटो कुठे आहेत? यातलं काहीच नसेल तर माणूस फोटो बघून परत गटात जाणार, दुसरं करणार काय? ‘याच चाळीतले आणखी फोटो’ अशी एक ओळ कालरेषेपेक्षा जास्त काम करते.

दुव्याचंही बघा. पानाचा पत्ता देवनागरीत असेल तर चिकटवताना त्याची टक्के-चिन्हांची माळ होते. एका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं. ‘लालबाग’ एवढ्या शब्दाची चोपन्न. असा दुवा बघून लोकांना फसवणुकीचा संशय येतो आणि ते उघडत नाहीत. पत्ते छोटे आणि रोमन ठेवा, शीर्षकं मराठीत. सहावं काम करताना पाठवणाऱ्याचा नाही, ज्याला मिळालं त्याचा पडदा बघा. फोटो आणि शीर्षक दिसतं की नुसती माळ?

लघुचित्रं. वर्डप्रेस मूळच्या सेटिंगमध्ये १५० बाय १५० चौकोनात फोटो कापतं. मंडळाच्या आडव्या गटफोटोत दोन्ही कडांची माणसं आणि उभ्या फोटोत वरचा फलक त्यात उडतो, आणि फोटो ओळखायची खूण तीच असते. सेटिंग्ज, मीडिया इथे कापण्याची खूण काढा. आधी चढवलेले फोटो मात्र आपोआप बदलत नाहीत, लघुचित्रं पुन्हा तयार करणारं प्लगिन एकदा चालवावं लागतं.

रंग. इतिहासाची साइट म्हटलं की बदामी पार्श्वभूमीवर तपकिरी अक्षरं हा आपल्याकडचा आजार आहे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला भेद निदान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. ऑनलाइन तपासनीसात दोन रंग टाकले की आकडा मिळतो, दोन मिनिटांचं काम. दाबायच्या जागा कमीत कमी २४ पिक्सेल, थरथरत्या बोटांसाठी ४४ बऱ्या.

देवनागरीचे खास घोटाळे: ओळींमधलं अंतर दीडपट तरी हवं, नाहीतर वरचे रफार-वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, विशेषतः बटणांवर. इंग्रजीसाठी बनलेल्या थीममध्ये मेनूच्या अक्षरांत मोकळं अंतर सोडलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द वाचता येत नाही. ते अंतर शून्य करा. साइटची भाषा सेटिंग्जमध्ये ‘मराठी’ निवडलेली आहे का तेही बघा. ती इंग्रजीच राहिली असेल तर टॉकबॅकसारखं पडदा वाचणारं ॲप अडखळतं, आणि फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तरी हिंदी वळणाचे दिसतात.

आता मुलाखती. तासाभराची मूळ वेव्ह फाइल सीडीच्या दर्जाची असली तरी सव्वासहाशे एमबीच्या आसपास जाते. तीच कुणी तशीच चढवलेली असते. मूळ जपून ठेवा, साइटवर बोलण्यासाठी ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्री पुरते, तासाला साधारण २९ एमबी. मग मध्येच उडी मारून बघा. पट्टी ओढली की आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर सर्व्हर फाइलचा तुकडा द्यायला तयार नाही, होस्टिंगवाल्याकडून ते चालू करून घ्या. यावाचून रेघोटींचं तिसरं काम कुणालाच जमणार नाही.

तासाची मुलाखत कोणी सलग ऐकत नाही. खाली विषयवार वेळा द्या: ‘०४:१० गावाहून आले ते दिवस, १२:३५ बदली कामगार म्हणून सुरुवात, ३१:०० संप’. पूर्ण लिप्यंतर करायला वेळ नसेल तर एवढी यादी तरी कराच. सर्चलाही तोच मजकूर मिळतो. बोलणारा मालवणीत बोलत असेल तर लिहिताना प्रमाण मराठी करू नका, वेळांच्या यादीत मात्र प्रमाण शब्द घाला.

तिसरी पाळी

भरपूर मिळालं. दोन गोष्टी राहिल्या. एसयूएसबद्दल कोणी बोललं नाही. आणि फोटो-आठवणी का येत नाहीत, ते चाचणीत कसं पकडायचं?

पाटी-पेन्सिल

एसयूएस जॉन ब्रुक यांनी १९८६ साली बनवली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. विषम क्रमांकांच्या गुणांतून १ वजा, सम क्रमांकांचे गुण ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. शंभरपैकी आकडा येतो, ६८ ही सरासरी समजतात. ही टक्केवारी नव्हे.

माझं मत: या फेरीत नको. सम क्रमांकाची विधानं नकारार्थी आहेत. ‘ही साइट विनाकारण गुंतागुंतीची वाटली’ याला ज्येष्ठ माणूस तोंडी ‘नाही, नाही, चांगली आहे’ म्हणतो आणि खूण ५ वर करतो. दहात अशा दोन चुका झाल्या तरी एकाच माणसाचे दहा-वीस गुण हलतात. पाच माणसांच्या सरासरीला मग काय किंमत? आणि आकडा ५५ आला तर दुरुस्त काय करायचं ते तो सांगत नाही.

त्याऐवजी प्रत्येक कामानंतर लगेच एकच प्रश्न: ‘हे किती सोपं गेलं, १ ते ७?’ (७ म्हणजे अगदी सोपं.) काम फसलेलं असूनही माणूस ६ सांगतो, तिथे थांबा. त्याला फसल्याचं कळलेलंच नाही. चुकीच्या चाळीचं पान उघडून समाधानाने परत जाणं ही इतिहासाच्या साइटवरची सगळ्यात वाईट चूक, कारण ती पुढे घराघरांत सांगितली जाते.

रेघोटी

@पाटी-पेन्सिल, ज्येष्ठांबाबत पूर्ण सहमत. तरुण गटात, दुरुस्तीआधी आणि नंतर वीस-वीस जणांकडून घेतली तर तुलनेला बरी. निधी मागायचा असेल तर समितीला आकडा लागतोच.

अडचणींना मात्र ० ते ४ असे वजनाचे गुण द्या, ४ म्हणजे आधी हे, मग बाकी. किती जणांना लागली, लागल्यावर काम थांबलं का, आणि एकदा कळल्यावर पुन्हा लागते का, या तीन गोष्टी बघून. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि मग जुळवायचे.

अनुस्वार

फॉर्मबद्दल. चाचणीत पाचवं काम देताना फॉर्मच्या प्रत्येक रकान्यावर किती वेळ गेला ते लिहा. अडतं ते जवळपास ठरलेलं आहे.

तारीख. दिवस-महिना-वर्ष सक्तीचं असेल तर ‘साधारण साठ-बासष्टचा असेल’ असं सांगणारा माणूस एकतर सोडून देतो किंवा १ जानेवारी १९६० भरतो. दुसरं जास्त वाईट, कारण ती खोटी तारीख कालरेषेवर खरी होऊन बसते. ‘कधीचा असेल, तुमच्या शब्दांत’ असा साधा रकाना ठेवा. आतून नोंद करणाऱ्याने तो दशकात किंवा अंदाजे सालात बदलावा. अशा अंदाजी तारखा लिहायची रीत आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात, २०१९ साली आलीय. तेच तुमच्या कालरेषेचं. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला हे नेमकं सांगता येतं, पण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तिथे प्लगिनला शेवटची तारीख हवी म्हणून काहीतरी टाकू नका, प्लगिन बदला.

ईमेल सक्तीचा नको. बऱ्याच ज्येष्ठांचा ईमेल फोन घेताना दुकानदाराने काढलेला असतो, त्यांना तो आठवत नाही. मोबाइल नंबर पुरे, आणि तो साइटवर दिसणार नाही हे त्या रकान्याखालीच लिहा.

फाइलची मर्यादा. होस्टिंगची मूळ मर्यादा २ एमबी असते तेव्हा आजच्या फोनने काढलेला फोटो चढत नाही, आणि चूक इंग्रजीत येते. मर्यादा वाढवा, संदेश मराठीत द्या. फेसबुकवरून आलेला माणूस त्या ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये असतो, तिथे फोटो निवडणं कधीकधी चालत नाही. तोही मार्ग तपासा.

पाठवल्यानंतर काय दिसतं? ‘धन्यवाद’ एवढंच असेल तर लोक तीन-तीनदा पाठवतात किंवा परत येत नाहीत. कोण बघणार, किती दिवसांत, साइटवर कुठे दिसेल आणि देणाऱ्याचं नाव कसं छापलं जाईल, हे चार वाक्यांत तिथेच सांगा.

चुकीची दुरुस्ती, म्हणजे चौथं काम, ‘संपर्क’ पानावर पाठवू नका. प्रत्येक फोटोखालीच ‘यात काही चुकलंय? सांगा’ हे बटण द्या, आणि फोटोचा क्रमांक त्या निरोपात आपोआप भरला जाऊ द्या. नाहीतर निरोप येतो ‘तो फोटो आमच्या चाळीचा नाही, समोरच्या चाळीचा आहे’, आणि दीड हजारांतला ‘तो’ कुठला हे कुणालाच कळत नाही.

मोठा टाइप

त्यात एक भर. हाच निरोप व्हॉट्सॲपवरून देता येईल असा दुवा त्या बटणाशेजारी ठेवा, क्रमांक आधीच टंकलेला. मंडळाचा वेगळा नंबर वापरा, कुणा स्वयंसेवकाचा खाजगी नको. ज्येष्ठ लोक टंकण्याऐवजी आवाजी निरोप पाठवतील, ते ऐकून नोंदीत उतरवायचं काम कोणाचं हे बटण लावायच्या आधी ठरवा.